वरच्या ओळीतली सरळ रेघ

पहाटे चारला उठायचं, आंघोळ, मग पाठ, मग चहा. चहा होईपर्यंत टेबलाला हात लावायचा नाही. हा नेम गेली सव्वीस वर्षं चालू आहे. निर्वैर गेले त्या दिवशीसुद्धा तो मोडला नाही. निर्वैर म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

टेबल मागच्या खोलीत खिडकीशी आहे. खिडकीबाहेर आलुबुखाराची बाग, ती आमची नाही. टेबलावर संगणकाचे दोन पडदे, फोन, आणि समोरच्या भिंतीवर देशाचा मोठा नकाशा. माझा दीर दलबीर याचे सात ट्रक आहेत, त्यांचे रस्ते मी इथून आखते. कोणी कुठून किती वाजता निघायचं, डिझेल कुठे भरायचं, कुठला पूल ट्रेलरच्या उंचीला पुरत नाही, कुठल्या राज्याचा परवाना संपत आलाय, हे सगळं माझ्याकडे. पण खरं काम थांबण्याचं. निघायला कुणीही निघतो. कुठे थांबायचं आणि तिथे जागा मिळेल का, हे मात्र आधी बघून ठेवावं लागतं.

कारण तास मोजलेले असतात. दहा तास विश्रांती झाली की ड्रायव्हरचा दिवस सुरू होतो. त्या दिवसात अकरा तास गाडी चालवता येते, पण ते अकरा तास चौदा तासांच्या आत बसवायचे. आणि चौदा तासांचं ते घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. माल उतरवायच्या रांगेत उभे राहा, जेवा, नुसते आभाळाकडे बघत बसा, ते चालूच. चौदा भरले की चाक हलवायचं नाही. पूर्वी याची नोंद ड्रायव्हर हाताने वहीत करायचा. आता इंजिनाला जोडलेलं यंत्र असतं, चाक फिरलं की ते आपणच लिहितं.

दलबीर म्हणतो, वहिनी, तुम्ही आमच्याकडून ट्रक चालवून घेत नाही, उपास करवता. मी हसते. दिवसभरात माझ्याशी थट्टेनं बोलणारा तो एकटाच, त्याला उत्तर देऊन ते कशाला बंद करू.

आणि दुसरे गुरनेक सिंग. पण त्यांची थट्टा वेगळी. वय सहासष्ट, निर्वैरबरोबर त्यांनी पंधरा वर्षं गाड्या चालवल्या. मी त्यांना वीरजी, म्हणजे भाऊ, म्हणते, ते मला मायेनं बीबा. रोज निघण्याआधी ड्रायव्हरला गाडी तपासावी लागते, टायर, दिवे, ब्रेकच्या नळ्या, ट्रेलर जोडायची खुंटी, सगळं. वीरजी त्या वेळी मला फोन लावतात, फोन बॉनेटवर ठेवतात आणि गाडीभोवती फिरत एकेक नाव मोठ्यानं घेतात. फोन लावावा असं नियमात कुठेही नाही. त्यांची बायको बलजिंदर गेली त्यानंतर एक दिवस त्यांनी तो लावला आणि मग रोज लावत गेले. मीही कधी विचारलं नाही. डावा पुढचा टायर, बीबा, माझ्यासारखाच आहे, वरून बरा दिसतो, असं काहीतरी मधेच बोलतात. शेवटी म्हणतात, सगळं ठीक. मी वाहेगुरू म्हणते, आणि फोन बंद. ते पूर्वेकडे असले की त्यांची पहाट माझ्या मध्यरात्री होते. मग ते निरोप ठेवतात आणि मी पाठ झाल्यावर ऐकते. कधी कधी त्या दिवसात आम्हा दोघांनाही माणसाचा आवाज म्हणून तेवढाच.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी मनरूपचा फोन आला. मनरूप वीरजींची एकुलती एक मुलगी. ओहायोत टोलेडोला राहते, इस्पितळात काम करते. नऊ वर्षं ती वडिलांशी बोलली नव्हती. माझा नंबर तिच्याकडे होता हेच मला माहीत नव्हतं.

तिनं विचारलं, आंटी, पप्पांचा ट्रक इकडून कधी जातो का? तिला न्यूझीलंडमध्ये नोकरी लागली होती. सप्टेंबरातल्या तिसऱ्या शुक्रवारी रात्रीचं डेट्रॉइटहून विमान होतं, आणि परत यायचा विचार नव्हता. त्या दिवशी ते रस्त्यात असतील तर भेटेन म्हणाली. मुद्दाम यायला सांगू नका, हे तिनं दोनदा सांगितलं.

ती का बोलत नव्हती ते मला वीरजींनीच एका सकाळी, ट्रेलरची मागची दारं तपासता तपासता, सांगितलं होतं. जुन्या वहीचं पान असं असायचं: चोवीस तासांचे चौकोन आडवे, आणि चार ओळी. सगळ्यात वर सुट्टी, तिच्याखाली झोप, मग गाडी चालवणं, आणि तळाला इतर काम. दिवसभर पेनाची रेघ या ओळीतून त्या ओळीत न्यायची. त्या काळी पुष्कळ जण जास्त मैल तोडायचे आणि वजनकाट्यावर पोलिसाला दाखवायला खोटी वही ठेवायचे. वीरजीही ठेवायचे. चार दिवस सलग चालवलं की आधीचे दोन दिवस सुट्टीचे दाखवायचे, म्हणजे सगळ्यात वरच्या ओळीत मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत एक सरळ रेघ, आणि बाजूला लिहायचं, घरी, युबा सिटी, म्हणजे आमचं इथलं गाव.

सहा महिन्यांनंतर त्या वह्या फेकून दिल्या तरी चालतात. वीरजींनी एकही फेकली नाही. गॅरेजात पीचच्या खोक्यात भरून ठेवल्या. बलजिंदर गेली तेव्हा विम्याचे कागद शोधताना ते खोकं मनरूपच्या हाती लागलं. तिनं तारखा काढून बघितल्या. शाळेचा शेवटचा समारंभ, आईचं पहिलं ऑपरेशन, आई गेली तो दिवस. तिन्ही दिवशी वरच्या ओळीत सरळ रेघ. बाप वायोमिंगमध्ये होता, आयोवामध्ये होता, आणि वही म्हणत होती घरी. तिनं ती पानं त्यांच्यापुढे ठेवली.

"पप्पा, कागदावर तर तुम्ही घरीच होता."

एवढंच म्हणाली आणि त्याच आठवड्यात टोलेडोला निघून गेली.

मी त्या सकाळी त्यांना विचारलं होतं, ठेवल्या कशाला त्या वह्या? ते म्हणाले, "पोलिसासाठी लिहायचो हे खरंच आहे, बीबा. पण ती रेघ मी पट्टी धरून हळूहळू ओढायचो. तेवढा वेळ घरी जाऊन आल्यासारखं वाटायचं. आता हे मुलीला कुठल्या तोंडानं सांगू?" मग म्हणाले, मागचा उजवा दिवा ठीक.

तर असा तो शुक्रवार मला आखायचा होता. पाठानंतर अरदास, म्हणजे प्रार्थना, करताना मी स्वतःसाठी काही मागत नाही, तोही नेमच आहे. पण त्या तीन आठवड्यांत रोज त्या एका दिवसासाठी मागितलं. आणि माल मिळालासुद्धा. गोठवलेले पीच, अर्धे इंडियानात गॅरीजवळच्या शीतगृहात उतरवायचे, उरलेले पिट्सबर्गला. दोन्हीच्या मधल्या टोलरस्त्यावर टोलेडो. दलबीर म्हणाला, वहिनी, असला तुटक माल आपण कधी घेतो का? मी म्हटलं, या वेळी घ्यायचा. मी असं कधी बोलत नाही, म्हणून त्यानं तो घेतला.

मग मी बसून रस्ता आखला. सोमवारी निघून रेनोचा घाट ओलांडायचा आणि मुक्काम वेंडोव्हरला. मंगळवारी लॅरमी, बुधवारी ओमाहा. गुरुवारी दुपारीच इलिनॉयमध्ये पेरू नावाच्या गावाशी थांबायचं, म्हणजे विश्रांती भरपूर. शुक्रवारी पहाटे शीतगृहात हजर, दुपारपर्यंत मोकळे, आणि संध्याकाळी चारच्या आत टोलेडो. मनरूपच्या गल्लीत ट्रक जाणार नाही, म्हणून टोलेडोच्या अलीकडे रस्त्यालगत ट्रक थांबतात तिथलं कॉफीचं दुकान ठरवलं. ती सामान घेऊन तिथे येईल आणि तिथूनच सात वाजता भाड्याची गाडी तिला विमानतळावर नेईल. चार ते सात, तीन तास. मनरूपला कळवलं तेव्हा ती म्हणाली, तीन तास फार होतील आंटी, मी सहाला येईन.

वीरजींना मी नुसतं सांगितलं, शुक्रवारी मनरूप भेटेल. सोमवारी आवारात गाडी काढताना पाहिलं, सीटच्या मागे इस्त्रीचा पांढरा सदरा हँगरवर लावलेला होता आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी घातलेली.

चार दिवस रस्ता माझ्या कागदाप्रमाणे चालला. वेंडोव्हर, लॅरमी, ओमाहा, पेरू. रोज टायर, दिवे, नळ्या, सगळं ठीक.

आता माझी चूक सांगते. इंडियाना राज्यात दोन वेळा चालतात. बहुतेक राज्य ओहायोच्या घड्याळावर, पण गॅरीकडचा कोपरा शिकागोच्या घड्याळावर, म्हणजे एक तास मागे. हे मला पंधरा वर्षं ठाऊक आहे. नवा ड्रायव्हर आला की मीच नकाशावर बोट ठेवून त्याला दाखवते. पण माझं सगळं चित्त टोलेडोच्या त्या कॉफीच्या दुकानात होतं, आणि शीतगृहाची सहाची वेळ मी टोलेडोच्या घड्याळानं लिहिली. वीरजींना एक तास आधी उठवलं. त्यांना काय, ते सुखानं आणखी तासभर झोपले असते. उठा म्हणून मीच सांगितलं होतं.

पाठ झाल्यावर निरोप ऐकला. तपासणीची सगळी नावं झाल्यावर दुसरा निरोप होता, हसत ठेवलेला. बीबा, फाटकावरचा माणूस म्हणतो सहाला यायचं, आत्ता पाच वाजताहेत. म्हटलं, आमच्या बीबाचं घड्याळ गुरुद्वाऱ्याचं आहे, ते पुढेच असतं.

मी चहा तसाच ठेवला. यापुढच्या वेळा ओहायोच्या घड्याळानं सांगते. त्यांचं चौदा तासांचं घड्याळ चारला सुरू झालं होतं, म्हणजे संध्याकाळी सहाला संपणार. ते पाचला सुरू व्हायला हवं होतं. तरी तेव्हा मला तेवढी भीती वाटली नाही. माल दुपारी बारापर्यंत उतरला तर तास हाताशी होते.

शीतगृहात दोनच दरवाजे चालू होते आणि रांग लांब होती. दहा वाजले, बारा वाजले. मी दर तासाला फोन करायची, आणि तिथली बाई दर तासाला तेच सांगायची, पुढची गाडी तुमचीच. एक वाजता वीरजी म्हणाले, सदरा घालून झाला, परत काढून ठेवला, पीचचा वास लागेल. दोन वाजता हिशेब माझ्या हातातून निसटायला लागला. सव्वातीनला त्यांना सोडलं.

तिथून ठरलेली जागा दोनशे नऊ मैल. साडेतीन तास. पावणेसातला पोहोचले असते, मनरूप सातपर्यंत होती. पंधरा मिनिटं मिळाली असती. नऊ वर्षांनंतर पंधरा मिनिटंही पुष्कळ. पण घड्याळ सहाला संपत होतं. मी चुकवलेला तो एक तास असता तर ते सातला संपलं असतं.

मी सगळे नियम एकेक करून हुडकले. वाटेत अवचित बर्फ किंवा धुकं लागलं तर दोन तास वाढवून मिळतात. त्या दिवशी सबंध रस्त्यावर लख्ख ऊन होतं. मागे माल नसेल तर ते काम धरत नाहीत, मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक नेता येईल का? टोलरस्त्यावरच्या विसाव्याच्या ठाण्यावर ट्रेलर सोडू देत नाहीत, आणि गोठवलेल्या मालाचा ट्रेलर सुटा ठेवायचा नसतो. वीरजींना वाटेतून आणायला भाड्याच्या गाड्यांना फोन लावले. एक जण यायला तयार झाला, पण साडेसहाच्या आत पोहोचता येणार नाही म्हणाला, तिथून परत जायला आणखी तास. बाहेर माझ्या खिडकीपाशी दुपार होती, बागेत कुणीतरी शिडी हलवत होतं, आणि मी त्या नकाशावरच्या बोटभर जागेत अडकून पडले होते.

तेवढ्यात दलबीरचा फोन आला. त्याच्या पडद्यावरही गाड्या दिसतात. यंत्रावर एक बटण असतं, खासगी. ड्रायव्हर सुट्टीवर असताना जेवायला किंवा झोपायच्या जागी गेला तर ते दाबतो, तो वेळ मोजला जात नाही. दलबीर म्हणाला, "वहिनी, बाप मुलीला भेटायला निघालाय. याच्यापेक्षा खासगी काय असतं? सांगा त्यांना दाबायला. कोण बघतंय?"

नियम मला पाठ आहे. माल त्याच रस्त्यानं पुढे सरकत असेल तर ते खासगी नाही, ते काम. मागे अर्धा ट्रेलर पिट्सबर्गचे पीच होते. मी दलबीरला म्हटलं, बघते. बघते म्हणजे काय ते मलाच कळत नव्हतं. सव्वीस वर्षांत मी कुणाला एक मिनिट इकडचं तिकडे लिहायला सांगितलं नव्हतं. आणि त्या वेळी माझ्या मनात फक्त हँगरवरचा सदरा होता.

पाच पंचावन्नला पडद्यावरचा ठिपका थांबला. ओहायोच्या हद्दीतलं पहिलं विसाव्याचं ठाणं. तिथून पन्नास मैल. मी फोन लावला.

"वीरजी, सकाळचा तास मी चुकवला. बटण दाबा. खालचा शेरा मी लिहीन, जे व्हायचं ते माझ्या माथ्यावर."

इंजिनाची घरघर ऐकू येत होती. ती बंद झाली. मग त्यांच्या केबिनमधल्या पंख्याचा आवाज आला.

"इंजिन बंद केलंय, बीबा," ते म्हणाले. "तिच्यासमोर जाऊन बसलो की ती पहिलं हेच विचारणार, कसे आलात. मग काय सांगू? कागदावर मी इथेच आहे?"

मग समजूत काढायच्या सुरात म्हणाले, तुम्ही असं काही बोललात ते मी ऐकलं नाही हं, इथे आवाज फार आहे. आवाज काहीच नव्हता.

मनरूपला फोन मी केला. त्यांना तो करवत नव्हता. ती दुकानात येऊन बसली होती, मागे कपबश्यांचा आवाज येत होता. मी सांगितलं, ओहायोतलं पहिलं ठाणं, पन्नास मैल, यापुढे त्यांना हलता येत नाही.

"असं ते म्हणाले?" तिनं विचारलं.

"यंत्र म्हणतंय."

"मला बघायचंय."

दिवसाचं पान ड्रायव्हरचं असतं, त्याला विचारल्याशिवाय मी कुणाला दाखवत नाही. मी वीरजींना विचारलं. ते म्हणाले, पाठवा, आजचं दाखवण्यासारखं आहे. मी पाठवलं. आता ती रेघ यंत्र ओढतं, पण पान तसंच आहे, चार ओळी आणि चोवीस चौकोन. चारपासून रेघ खाली उतरलेली, मग शीतगृहाचे ते लांबलचक तास तळाच्या ओळीत, मग दोन तास चाळीस मिनिटं गाडी, आणि पाच पंचावन्नला रेघ सरळ वर जाऊन थांबलेली.

तिनं आकडे मोजले असावेत. मग म्हणाली, पाच मिनिटं शिल्लक आहेत. मी म्हटलं, पाच मिनिटांत पुढे थांबायची जागा नाही. तिनं पहाटेच्या तासाचं विचारलं, ते इतक्या लवकर तिथे जाऊन का उभे होते? ती चूक माझी, असं सांगितलं, दोन घड्याळांची गोष्ट सांगितली. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, म्हणजे या वेळी ते खरंच पन्नास मैलांवर आहेत.

मी हो म्हटलं.

"आंटी, मी तिकडे येऊन परत विमान गाठू शकत नाही."

"माहीत आहे, बेटा. तुझाही रस्ता मी मोजून पाहिला."

ती म्हणाली, त्यांना सांगा, मी सहापासून इथे आहे, खिडकीजवळचं टेबल.

मी वीरजींना तसंच सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, सहापासून? खिडकीजवळ? मग म्हणाले, तो सदरा घालूनच बसतो आता, कशाला काढायचा. सात वाजून दोन मिनिटांनी माझ्या फोनवर मनरूपचा निरोप उमटला. निघाले, ७:०२. एवढाच. मी तो वीरजींना वाचून दाखवला. बरं, म्हणाले. संध्याकाळचा पाठ त्या दिवशी मी दोनदा केला, पहिल्यांदा मधेच कुठे होते ते आठवेना.

दुसऱ्या दिवशीचा निरोप नेहमीसारखाच होता. टायर, दिवे, नळ्या, खुंटी. सगळं ठीक म्हणाल्यावर त्यांनी फोन लगेच बंद केला नाही. थोडा वेळ शेजारून जाणाऱ्या गाड्या ऐकू येत राहिल्या.

आठवड्याभरानं न्यूझीलंडहून मनरूपनं मला लिहिलं, ते पान रोज पाठवाल का? वीरजींना विचारलं. ते रेनोच्या घाटात होते, परतीच्या वाटेवर. म्हणाले, रोज तेच असतं, कंटाळेल ती. पाठवा.

तेव्हापासून तो माझ्या नेमातच आला. पाठ, चहा, आणि टेबलाशी बसल्यावर पहिलं काम म्हणजे आदल्या दिवसाचं पान मनरूपला. तिचं उत्तर यायचं नाही. वाचल्याची खूण तेवढी दिसायची. वीरजी कधी विचारत नसत, फक्त तपासणी संपताना म्हणत, कालचं गेलं का? मी म्हणायची, गेलं. त्यांचं वागणं तसंच राहिलं. एकदाच आयोवामधून म्हणाले, बीबा, काल मी वाटेत अर्धा तास नदीकाठी थांबलो, ते पानात नुसतं सुट्टी म्हणून दिसेल, नदी दिसायची नाही. मी म्हटलं, खाली शेरा लिहा. त्यांनी लिहिलं, नदी.

ऑक्टोबरात एका शनिवारी रात्री ते घरी आले. तेव्हापासून पहिल्यांदाच सलग तीन दिवस सुट्टी घेतली. सोमवारी सकाळी मी रविवारचं पान उघडलं. सगळ्यात वरच्या ओळीत मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत एक सरळ रेघ, बाजूला युबा सिटी. माझा हात पाठवायच्या बटणावर जरा वेळ थांबला. पण नेम तो नेम, मी पाठवलं.

नऊच्या सुमारास उत्तर आलं. इतक्या दिवसांतलं पहिलं.

"खरंच?"

मी त्या शब्दाकडे बघत राहिले. यंत्राला ट्रक माहीत असतो, माणूस नाही. ट्रक दलबीरच्या आवारात उभा होता, एवढंच ते सांगू शकत होतं. त्या रेघेखाली माणूस कुठे होता ते त्याला काय ठाऊक. मला तरी काय ठाऊक. सुट्टी म्हणून आदल्या दिवसापासून फोनही आला नव्हता.

मी ओढणी घेतली आणि गाडी काढली. त्यांचं घर कालव्यापलीकडे, सात-आठ मिनिटांवर. आलुबुखाराची पानं रस्ताभर पडली होती. त्यांच्या गॅरेजचं दार उघडं होतं, आत ते पीचचं खोकं अजून भिंतीशी होतं, आणि दाराशी दोन खुर्च्या मांडून एकीवर वीरजी बसले होते. हातात स्टीलचा पेला. पांढरा सदरा. काही करत नव्हते.

मला बघून उठायला लागले. काही काम होतं का, बीबा?

मी म्हटलं, काम नाही. तुम्ही घरी आहात का बघायला आले.

ते हसले नाहीत. कोणी विचारलं तेही त्यांनी विचारलं नाही. रस्त्याकडे बघत म्हणाले, "काल सबंध दिवस कुठे गेलो नाही. रेघ सरळ आली का?"

"अगदी सरळ," मी म्हटलं.

चहा घ्या म्हणाले. मी थांबले नाही, टेबलाशी सहा गाड्या वाट बघत होत्या. फाटकाशी गाडीत बसून मनरूपला लिहिलं: हो. मी आत्ता डोळ्यांनी बघितलं. गॅरेजसमोर बसलेत, हातात चहा आहे, शेजारी एक रिकामी खुर्ची मांडली आहे. सकाळचे ९:४०.